गयाबाईंची हिरवी तबकडी

तबकड्या जमवणाऱ्या माणसाच्या घरात दोन गोष्टी आपोआप साचतात, धूळ आणि किस्से. धूळ निदान मऊ फडक्यानं पुसता तरी येते. किस्से मात्र एकावर एक बसत जातात, आणि चार माणसं जमली की कुणीतरी म्हणतंच, "अहो, तो सापाचा सांगा ना!"

आमचे किस्से ऐकून लोक पोट धरून हसतात. पण ते घडत होते तेव्हा आमची पाचावर धारण बसली होती, हे कुणी लक्षात घेत नाही. तबकडीत भिण्यासारखं काय असतं, असं तुम्ही विचाराल. ऊन असतं, बोथट सुई असते, शिंकणारा पाहुणा असतो. आणि सगळ्यात मोठी भीती म्हणजे हातात आलेली तबकडी पहिल्या छापाची आहे की नंतरची, ते कळण्याची.

मी धाराशिवला दातांचा डॉक्टर. माझ्या खुर्चीत बसलेली माणसं थरथर कापतात. त्यांची भीती कमी व्हावी म्हणून मी दवाखान्यात जुना रेकॉर्ड प्लेअर आणून ठेवला. पेशंटची भीती किती कमी झाली माहीत नाही, माझी मात्र वाढली! कारण त्या प्लेअरपायी मी या मंडळींत सापडलो. दर रविवारी दुपारी दवाखाना पेशंटना बंद आणि तबकड्यांना चालू. तबकडीची रेघ न् रेघ बघायला दात तपासायच्या दिव्यासारखा दिवा नाही. तबकडी खुर्चीत, मी स्टुलावर आणि बाकीचे मागं श्वास रोखून उभे, असा आमचा कार्यक्रम.

मंडळी म्हणजे तिघंच. शिवलिंगअप्पा भांड्यांचे व्यापारी, मूळचे उमरग्याकडचे, घाबरले की कानडीत जातात. बशीरभाई परंड्याचे, वडिलांपासून लाऊडस्पीकरचा धंदा. आणि तिसरे ढोकीचे भारतनाना. या सगळ्या किश्श्यांचं मूळ नानाच.

\*

नाना पहिल्यांदा आले ते दाढ काढायला. प्लेअरवर काहीतरी चालू होतं. तोंडात माझी दोन्ही हत्यारं असल्यामुळं त्यांना बोलता येईना, नुसतं बोट दाखवत होते. दाढ निघाली, कापूस बसला, आणि तशाच फुगल्या गालानं ते म्हणाले, "डॉक्टर, माझ्याकडं बी एक हाय. माझ्या आईची."

पुढच्या रविवारी ती घेऊन आले. छोटी, मिनिटाला पंचेचाळीस फेऱ्यांची तबकडी. लाल लेबल. 'गयाबाई परंडेकर आणि पार्टी, आराधी गीत.' संबळ, तुणतुणं आणि काळजाला हात घालणारा आवाज. नानांच्या आईनं आयुष्यात केलेली ही एकच तबकडी. सोलापुरात एका हॉलमध्ये रेकॉर्डिंग झालं, आणि पुढच्या साली तापानं त्या गेल्या. रेकॉर्डिंगच्या वेळी नाना नुकते चालायला लागलेले. घरात आईचा फोटोसुद्धा नाही.

"मावशी सांगायची," नाना म्हणाले, "म्या तिथंच हुतो म्हणं. त्या मशिनीला भिऊन मावशीच्या पदरात शिरलो. गाणं संपल्या संपल्या आईनं मला हाक मारली, आन ती हाक तबकडीत उतरली. पर माझ्या तबकडीत न्हाय ती. गाणं संपतं आन गपगार."

"गाणं तर आहे ना नाना?" मी म्हणालो.

"गाताना आई समद्यांची असती डॉक्टर. बोलताना माझी."

मी तबकडी दिव्याखाली धरली. अप्पा पुढं झाले. चाळीस वर्षं पितळी भांडी विकलेला माणूस. वस्तू हातात आली की वाजवून बघायची, तडा असला की आवाज बद्द येतो, हा त्यांचा खाक्या. सवयीनं त्यांनी तबकडीवर टिचकी मारली. टक्!

आम्ही सगळे एकदम ओरडलो. नाना पांढरेफटक पडले. दाढ काढलेला गाल धरून म्हणाले, "अप्पा, ते ताट न्हाय हो, माझी आई हाय ती!"

\*

इथं जरा थांबून छापाचं सांगतो, नाहीतर पुढची भीती तुम्हाला कळायची नाही. तबकडी एकदाच निघते असं नसतं. खपली की कंपनी पुन्हा काढते. कधी लेबलचा रंग बदलते, कधी शेवट कापते. कधी भलताच कुणीतरी जुन्या तबकडीवरून नक्कल काढतो. वरून सगळ्या बहिणी बहिणी! ओळखायच्या कशा? लेबलच्या कडेला जी कोरी गुळगुळीत पट्टी असते ना, तिथं एक बारीक नंबर असतो. तो बघायचा.

सोलापुरात एक म्हातारे रेकॉर्डवाले होते. मी त्यांना फोन लावला. ते म्हणाले, "गयाबाईचा पहिला छाप हिरव्या लेबलचा. नंबर हातानं कोरलेला, तिरका. लाल लेबल दुसऱ्या वेळचं, त्यात नंबर मशिनचा, सरळ. आणि हो, पहिल्या छापात गाणं संपल्यावर बाई काहीतरी बोलते. लाल काढताना कंपनीनं ते कापलं."

"काय बोलते?" मी विचारलं.

"ते काही आठवत नाही बुवा."

मी फोन स्पीकरवर ठेवला होता. नानांनी ऐकलं. मला वाटलं, खूश होतील. नाना खुर्चीचा हात धरून बसले. इतकी वर्षं त्यांना वाटत होतं, रडणाऱ्या पोराला गप करायला मावशीनं थाप मारली. आता आई खरंच काहीतरी बोलली होती म्हणायची. पण काय? नानांना हाक मारली, की संबळवाल्याला पाणी मागितलं?

"आत्तापातुर एकच भ्या होतं," नाना म्हणाले, "आता दोन झाली."

\*

हिरव्या लेबलचा पहिला शोध लागला बशीरभाईंच्या माळ्यावर. परंड्यात त्यांचं गोदाम आहे. त्यात वडिलांच्या वेळचे कर्णे, सडक्या वायरी आणि तबकड्यांच्या पेट्या. उन्हाळा सुरू होता, वर पत्रा तापलेला. बशीरभाई टॉर्च घेऊन शिडीवर चढले आणि तिथंच थिजले.

पेटीवर नागोबा वेटोळं घालून बसलेले!

खालून त्यांचा भाऊ ओरडतोय, "भाईजान, उतरो! सर्पमित्राला फोन लावतो, संध्याकाळपर्यंत येईल."

आणि वरून बशीरभाई म्हणतात, "संध्याकाळपर्यंत? पत्रा बघ कसा तापलाय! साप न्हाय वितळत, तबकड्या वितळत्यात!"

त्यांनी काय करावं? जुना कर्णा उचलला, तोंडाला लावला आणि अशी बोंब ठोकली की साप बिचारा पत्र्याच्या फटीतून जो गेला तो गेला. पेटी खाली आली. तिसऱ्या थरात गयाबाई परंडेकर. हिरवं लेबल!

आम्ही नंतर विचारलं, "बशीरभाई, भीती नाही वाटली?"

"वाटली ना! पन सापानं कुंडली मारली असंल तर खाली कायतरी किमती असतंयच की!"

\*

ती तबकडी परंड्याहून धाराशिवला आणायला नाना स्वतः गेले. एसटीनं. सावलीची बाजू धरून बसले, पिशवी मांडीवर, पिशवीवर ओला पंचा, पंच्यावर उघडी छत्री. गाडीच्या आत छत्री! रस्ता वळला की ऊन या खिडकीतून त्या खिडकीत जायचं. ऊन आलं की नाना उठायचे आणि पलीकडच्या बाकावर जायचे. त्यांच्यासाठी अख्खी गाडी उठत होती, बसत होती.

शेवटी कंडक्टर वैतागला. "काका, काय हाय पिशवीत? आइस्क्रीम हाय का?"

"न्हाय बाबा, गाणं हाय," नाना म्हणाले. "पर वितळतं."

\*

त्या रविवारी जे झालं ते आठवलं की अजून माझ्या अंगावर काटा येतो.

तबकडी दिव्याखाली धरली. आरशासारखी स्वच्छ, एक ओरखडा नाही. बशीरभाईंच्या वडिलांनी बहुतेक वाजवलीच नव्हती. नंबर मात्र दिसेना. कोरी पट्टी अगदीच कोरी. मी म्हणालो, पुसट कोरला असेल, आधी ऐकू. नानांनी डोळे मिटले. सुई ठेवली.

गाणं सुरू झालं. दुसऱ्या कडव्यात संबळ चढतो, तिथं आवाज आला. टक्. मग पुन्हा टक्. पुन्हा टक्. कुणीतरी आतून दार ठोठावतंय असा.

सुई उचलली. भिंग लावलं. त्या जागी काहीच नाही! बोटाला काही लागत नाही, डोळ्याला काही दिसत नाही. सुई बदलली, पुन्हा लावली. टक्. टक्. टक्. तिथंच. प्लेअर दुसऱ्या टेबलावर नेला. तरी तिथंच.

"शिव शिव शिव!" अप्पा भिंतीला टेकले आणि कानडीत सुरू झाले. बशीरभाई डोळे मिटून पुटपुटायला लागले. भर दुपार, बाहेर रिक्षांचे हॉर्न, आणि आम्ही चार बाप्ये एका टकटकीला भिऊन एकमेकांच्या बाह्या धरून उभे!

"तिला कायतरी सांगायचंय," नाना हळूच म्हणाले.

गाणं संपलं. आणि मग, अगदी हलकी, काकणं वाजली. बाईमाणसानं आत श्वास घेतला. बोलायच्या आधी घेतात तसा.

आणि खटकन सगळं बंद. तबकडी संपली.

नानांनी मला तो श्वास परत परत लावायला सांगितला, आणि मी लावला. तो ऐकताना माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. हा छाप पहिला नव्हेच! कुणीतरी खऱ्या हिरव्या तबकडीवरून ही नक्कल काढली होती. ओरखडा त्या खरीवर होता, त्याचा आवाज तेवढा हिच्यात उतरला. गाणं संपलं म्हणून नक्कल करणाऱ्यानं श्वासाशीच सुई उचलली. लेबल हिरवं छापलं, नंबर घालायचं विसरला.

मी हे समजावून सांगितलं तेव्हा अप्पांनी कपाळाचा घाम पुसला. "म्हणजे भूत न्हाय, चोर हाय व्हय! मग आधी सांगायचं की डॉक्टर. चोराला कोण भितंय?"

नाना मात्र हसले नाहीत. आई काहीतरी बोलणार होती, एवढं आता नक्की झालं होतं. आणि ज्या तबकडीत ती बोलली, तिच्यावर दुसऱ्या कडव्यात ओरखडा आहे, हेही.

\*

मध्यंतरी बशीरभाईंनी इंटरनेटवरून एक मागवली. 'हमखास पहिला छाप!' पार्सल आलं. हिरवं लेबल, बाजूला नंबर सरळ की तिरका काही कळेना, कारण लेबलची कड पट्टीवर जरा जास्तच चढलेली.

नाना कोपऱ्यात उभे राहिले. जवळ येईनात. मी दात कोरायची बारीक सुई घेतली आणि लेबलच्या कडेला लावली. दातांच्या नसांमध्ये हात घालताना माझा हात कधी हलत नाही. त्या दिवशी बशीरभाईंना माझं मनगट धरावं लागलं. कड उचलली. खाली लाल! लाल लेबलवर हिरवं चिकटवलेलं.

"डॉक्टर," अप्पा म्हणाले, "ह्ये तर तुमच्यासारखंच की! आतून किडलेला दात, वरून टोपी!"

आम्ही हळहळलो. आणि कोपऱ्यातून नानांचा आवाज आला, "बरं झालं."

"बरं कसं?"

"आजूनबी ऐकायची बाकी हाय," नाना म्हणाले. "ऐकली आन त्यात माझं नाव नसलं, तर मग काय बाकी ऱ्हाईल?"

त्या दिवशी मला कळलं, की आमच्यापैकी सगळ्यात जास्त शोधणारा माणूस सापडायलाच सगळ्यात जास्त भीत होता. मी आयुष्यभर भित्री माणसं बघितली आहेत. अशी भीती नव्हती बघितली.

\*

नंतर एक दिवस अप्पांच्या दुकानात एक म्हातारी बाई आल्या. गळ्यात कवड्यांची माळ, कपाळावर मळवट. तामलवाडीच्या सोजरमावशी, देवीच्या आराधीण.

"समई द्या वो अप्पा. तबकडीम्होरं लावायची हाय."

अप्पांच्या हातातलं भांडं खाली पडलं. "कशाम्होरं?"

"आमच्या देव्हाऱ्यात गयाबाईची तबकडी हाय. आमच्या सासूनं बसवलेली. तिच्या गळ्यात देवी बोलायची म्हणत्यात. जुना दिवा ल्हान हाय, जरा मोठा द्या. ज्योत कशी तिच्या जवळ पायजे."

आता विचार करा. तबकडी प्लास्टिकची, आणि समोर समई, तीही जवळ! अप्पांनी दुकानात रांगेनं मांडलेल्या समयांकडं बघितलं आणि हात जोडले. "मावशी, समई संपली."

"आन ह्या काय हायत?"

"ह्या... ह्या बुक झाल्यात."

जन्मभर पितळ विकलेल्या माणसानं त्या दिवशी शेजारच्या दुकानातून सेलवर चालणारा प्लास्टिकचा दिवा आणला, आणि देवीची भेट म्हणून मावशींच्या ओटीत घातला! अप्पांचा मुलगा अजून विचारतो, बाबांना त्या दिवशी ऊन लागलं होतं का.

\*

पुढच्या रविवारी आम्ही तामलवाडीला. नाना "माझं पोट बिघडलंय" म्हणून गाडीतच बसून राहिले.

मावशींचं घर साधं, शेणानं सारवलेलं. आतल्या भिंतीत कोनाडा. कोनाड्यात देवीचा टाक, त्यामागं उभी तबकडी. लेबल कुठलं काय, नुसतं हळदीकुंकू! रोज पूजा करताना अंगठ्यानं कुंकू लावायचं, ते नेमकं लेबलच्या कडेला. म्हणजे गाणं जिथं संपतं तिथं. म्हणजे आम्हाला जे ऐकायचं होतं त्याच्यावरच! वर्षानुवर्षांचे थर.

हात लावायची सोय नव्हती. मावशी शेजारीच उभ्या. मी दात बघायचा छोटा आरसा खिशात आणला होता. कोनाड्यापुढं लोटांगण घातलं, उठता उठता आरशानं दारातलं ऊन आत टाकलं. काही दिसेना. पुन्हा लोटांगण. जरा दिसलं. पुन्हा! तिसऱ्या वेळी कुंकवाच्या एका भेगेत आकडे चमकले. हातानं कोरलेले, तिरके. चौथ्या लोटांगणात मधोमध ओरखडाही दिसला. मी तसाच जमिनीवर पडून राहिलो.

मावशींचे डोळे भरून आले. त्या बशीरभाईंना म्हणाल्या, "लई भक्तीचा माणूस हाय वो. डॉक्टर लोकात असं दिसत न्हाय आजकाल!"

\*

अप्पांनी मग मावशींना सगळं खरं सांगितलं. तबकडीतली बाई कोण, आणि बाहेर गाडीत पोट धरून बसलेला माणूस कोण. मावशी तडक बाहेर गेल्या आणि गाडीच्या खिडकीशी उभ्या राहिल्या.

"तुमी गयाबाईचं लेकरू?"

नाना मान खाली घालून म्हणाले, "व्हय."

"मग तुमाला न्हाय म्हणणारी म्या कोण? पर बसवलेला देव उंबऱ्याभाईर जात न्हाय. काय वाजवायचं ती हितं वाजवा."

मी तबकडी मांडीवर घेऊन बसलो. डिस्टिल्ड वॉटर आणि लहान मुलांचा मऊ ब्रश. कुंकू एकदम निघत नाही, आणि जोर दिला तर रेघांमध्ये जास्तच बसतं. एकेक थर भिजवायचा, वाट बघायची, हळूच उचलायचा. लाल पाणी खालच्या ताटलीत थेंब थेंब पडत होतं. मला तर ऑपरेशन चाललंय असंच वाटत होतं. कुंकवाखाली रेघा जिवंत होत्या की घासल्या गेल्या होत्या, ते डोळ्यांना सांगता येत नव्हतं. सुईच सांगणार होती.

काम झालं. मी ताटली मोरीत ओतायला उठलो, तर मावशींनी माझा हात धरला. "आवो, तीर्थ हाय ती!"

सगळ्यांच्या तळहातावर पळीपळी आलं. अप्पांनी शिव शिव म्हणत घेतलं. बशीरभाईंनी माझ्याकडं बघून कानात विचारलं, "डाक्टर, दातांना काय होत न्हाय ना?"

मी दातांचा डॉक्टर, पण त्या क्षणी मला दात कुठं असतात तेही आठवत नव्हतं. डोळे मिटून पिऊन टाकलं.

\*

आता शेवटचं.

त्याच दिवशी, त्याच घरात. बशीरभाईंनी बॅटरीवर प्लेअर जोडला, छोटा स्पीकर ओसरीत ठेवला. मी मोबाईल रेकॉर्डिंगला लावला. इतकी जुनी, इतकी झिजलेली तबकडी. शेवटच्या रेघांवरून सुई दुसऱ्यांदा सुखरूप जाईल याची कुणालाच खात्री नव्हती.

नाना आत येईनात. बाहेर ओट्यावर, रस्त्याकडं तोंड करून, पायात चपला तशाच ठेवून बसले. उठून पळायला बरं पडावं असे.

"नाना, या की आत," अप्पा म्हणाले.

"तुमी लावा. मला हितनं ऐकू येतं." त्यांच्या हातातला पंचा पिळून पिळून दोरी झाला होता.

मी सुई ठेवली. चरचर, चरचर, आणि मग तो आवाज. इतके दिवस आम्ही लाल ऐकली होती, नक्कल ऐकली होती. हा आवाज निराळाच होता. बाई शेजारी बसून गात असावी असा. दुसरं कडवं आलं, संबळ चढला. टक्. टक्. टक्. अप्पांनी माझा दंड करकचून धरला. ओरखडा जिथं असायला हवा तिथंच होता, आणि सुई त्यावरून पार झाली होती. मावशींनी कोनाड्याकडं बघून हात जोडले.

गाणं संपत आलं. सुई कुंकवाच्या जागेवर चढली. खरखर वाढली, नुसती वाळू. माझ्या मनात आलं, गेलं. अंगठ्यानं पुसलं गेलं सगळं.

मग काकणं वाजली.

मग तो श्वास.

आणि खरखरीच्या पलीकडून, गाण्यातला नव्हे, साधा, दमलेला, जरा हसरा आवाज आला.

"भारत... भिऊ नगंस. ये. हिकडं ये."

तबकडी फिरत राहिली. मी सुई उचलायचं विसरलो. बाहेर ओट्यावर चपला काढल्याचा आवाज झाला. नाना उंबरा ओलांडून आत आले, कुणाकडं न बघता सरळ प्लेअरपाशी गेले आणि त्याच्यापुढं मांडी घालून बसले. पांढऱ्या मिशा, वाकलेली पाठ. तोंडातल्या तोंडात म्हणाले, "आलो."

मग बशीरभाईंनी नाक पुसलं आणि माझ्या हातातला मोबाईल घेतला. "नाना, यात उतरलंय सगळं. आता झिजायची भीती न्हाय. परत लावू?"

"नगं," नाना म्हणाले. "पयल्या हाकंलाच गेलं पायजे. दुसऱ्यांदा हाक मारायला लावली, की आई मारती."